शेवटून दुसरं

“एकदा म्हणा ना, आजोबा! ‘हे माझं शेवटचं गाणं.’ बस्स, एवढंच!” दिग्दर्शक ब्राम काकुळतीला आला होता.

“शेवटून दुसरं,” एलिओदोरो म्हणाला आणि गिटार सुरात लावू लागला.

ब्रामने कपाळावर हात मारला. म्हाताऱ्या वादकांच्या निरोपाच्या दौऱ्यावर माहितीपट करायला तो बेल्जियमहून क्युबातल्या सांतियागोला आला होता. दौरा निरोपाचाच होता. तसे आधीचे दोन्हीही निरोपाचेच होते! पण इथे रमचा पेलासुद्धा कुणी ‘शेवटचा’ म्हणून भरत नाही. बोंगो बडवणाऱ्या फेर्मीनने एकदा भरला. धट्टाकट्टा गडी, सकाळी उठलाच नाही. तेव्हापासून एलिओदोरोने त्या शब्दाचा धसका घेतला होता.

“अहो, शेवट नसेल तर लोक रडतील कसे?” ब्रामने विचारलं.

“त्यांना आमचं गाणं ऐकव. रडतील.”

ब्राम मग दिवसभर कॅमेरा घेऊन एलिओदोरोच्या मागे मागे फिरला. घरात, गल्लीत, न्हाव्याकडे. परत जाताना मात्र स्वारी खुशीत दिसली.

माहितीपटाला परदेशात बक्षिसं मिळाली. म्हातारे अजून जिवंत आहेत हे कळल्यावर परीक्षक थोडे हिरमुसले म्हणे. यथावकाश तो सांतियागोतही लागला. सरकारी साहेब घडीचा रुमाल तयार ठेवूनच पहिल्या रांगेत बसले. शेजारी एलिओदोरो, इस्त्रीच्या सदऱ्यात.

अखेरचं दृश्य आलं. पोपडे उडालेली भिंत. तिच्यासमोर एलिओदोरोचा दमलेला, उपाशी चेहरा. मागे व्हायोलिन गळा काढत होतं. पडद्यावरच्या एलिओदोरोने हळूच हात वर केला.

“शेवटचा… मीच.”

पडदा काळा झाला. साहेबांनी रुमाल उघडला. सभागृहात हुंदके ऐकू येऊ लागले.

एलिओदोरोच्या छातीत धस्स झालं. आवाज त्याचाच होता. कधी बोललो हे? कुणापाशी? काही केल्या आठवेना. फेर्मीनचा पेला डोळ्यांपुढे आला. संपलं सगळं. उद्याची सकाळ काही आपली नाही, असं त्याला अगदी आतून वाटलं.

तेवढ्यात मागून खुर्ची करकरली. गल्लीतली सोइला ताडकन उभी राहिली होती.

“ए, कसला शेवटचा! पावाच्या रांगेत ‘शेवटचं कोण?’ म्हणून मीच विचारलं होतं. त्याच्यामागे मी होते!”