आवाजाची पट्टी

शेवटच्या साध्या दिवशीही त्या पानावरूनच आमचं वाजलं. शहापूरच्या घरी, टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवरची भजनं बाबा मोबाइलच्या ब्राउझरमधून, मी बनवलेल्या वेब पानावरून लावायचे. पान होतंच भिकार. हुकूम उशिरा पोचायचा, आकडे खोटे दाखवायचं.

"रेणू, हे पट्टी अटकून राहिली. आवाज वाढतच नाही."

"रिफ्रेश करा बाबा. किती डाव सांगू?"

"तुह्या पानातच दम नाही," ते हसले. भजनानं खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी पानालाच शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी हायवेवर ते ट्रकखाली आले. हॉर्न सारखा वाजत होता, असं सगळे सांगतात. मोबाइलचाही चुरा झाला.

तेरवीनंतर ते पान कायमचं काढून टाकायला मी माझ्या मोबाइलवर उघडलं. उघडताच लागलेलं भजन थांबवलं, पट्टी शून्यावर नेली. ती आपोआप वीसवर आली. मी चिडून रिफ्रेश केलं. चाळीस. कॉम्प्युटरचा प्लगच उपटला. सत्तर.

घरात काहीच वाजत नव्हतं. पट्टी शंभरवर जाऊन थांबली.

"बाबा," मी ओरडले, "तुमाले ऐकू येत नव्हतं. मले मालूम होतं."