मित्रबुरशी

बुरशीला बुरशीनेच मारावं, हा विज्ञानाने मानवजातीला दिलेला एक थोर धडा आहे. सध्या हा धडा रोपवाटिकेच्या मागच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवला होता आणि बाबा त्याच्यापासून चार हात लांब उभे होते.

"उघडायचं का?" त्यांनी विचारलं.

"अजून ऊन आहे," लेक म्हणाली. "तिला ऊन सोसत नाही."

"सोसत नाही." बाबांनी मान डोलावली. "आणि ही लढणार."

लेक टोमॅटोच्या ट्रेकडे बघत होती. आधीच्या दोन खेपांची रोपं बुरशीने मातीलगत काळी पडून आडवी झाली होती, कुणी फुंकर मारावी तशी. ही तिसरी खेप. हीसुद्धा झोपली, तर बाबा रोपवाटिका बंद करून काकाच्या दुकानात बसणार होते. बसणार म्हणजे गल्ल्यावर नव्हे, मागे, पोत्यांपाशी. काकाने स्टूलसुद्धा पुसून ठेवलं होतं.

आणि सकाळपासून कडेच्या ट्रेमधलं एक रोप किंचित कललं होतं. आत्ता कललं की मुळातच तसं उगवलं, यावर बापलेकीचं एकमत होत नव्हतं.

शेणखताच्या ढिगात लेकीने मित्रबुरशी कालवली, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं होतं, "मित्र? कुणाची?" त्यांचा सगळा जन्म बुरशी मारण्यात गेलेला. त्यांच्याकडे निळ्या पुडीचा एक पत्र्याचा डबा होता. ट्रेवर काही दिसलं की पूड. नाही दिसलं, तर दिसू नये म्हणून पूड. ती ढिगावर पडली असती, तर मित्र काय नि शत्रू काय, सगळे एकाच दिवशी गेले असते. म्हणून लेकीने पहिल्याच दिवशी डबा लपवला.

फळीवर डब्याखालची ताटली तेवढी उरली, मधोमध निळं वर्तुळ घेऊन. बाबा येता-जाता तिच्याकडे बघायचे. डबा कुठे आहे, असं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. हात पाठीमागे बांधून ते फिरत राहिले.

"पावावर बुरशी आली की माझ्या नावाने खडे फोडता," आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "आणि तिकडे बापलेक तिला रोज आंघोळ घालताय."

ऊन उतरलं. लेकीने गोणपाटाचं टोक धरलं, श्वास रोखला आणि ओढलं.

ढीग हिरवा झाला होता, मित्रबुरशी वाढली की होतो तसा.

"आली! बाबा, आली!"

बाबा जवळ आले. वाकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे हात पाठीमागून सुटले.

"हात लावू?"

"लावा ना! आपलीच आहे."

बाबांनी एक बोट टेकवलं. बोटाकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, मी नाही हं काही केलं," ते म्हणाले. "शपथ. मी इकडे फिरकलोसुद्धा नाही."

लेकीने त्यांचं बोट धरून उजेडात नेलं. रंग बोटाच्या रेघांमध्ये उतरला होता. निळसर हिरवा, ओल लागलेल्या निळ्या पुडीचा. बाबांच्या प्रत्येक शर्टाच्या बाहीवर हा रंग होता. ती लहानपणापासून बघत आली होती.

तिने दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात खुपसले आणि डबा बाहेर काढला. बाबा जिथे चुकूनही हात घालणार नाहीत, अशी सगळ्या रोपवाटिकेत ही एकच जागा होती. हवा लागावी म्हणून ढीग खालीवर करताना ती दर वेळी डबाही इकडचा तिकडे खुपसत आली होती, इमानेइतबारे. झाकण तिने चिकटपट्टी लावून बसवलं होतं. ते अजूनही घट्ट होतं.

"चिडू नका," ती म्हणाली.

"छे, छे. मी कशाला चिडू?" बाबा म्हणाले. मी नाही केलं, या सुटकेतून ते अजून पुरते बाहेर आले नव्हते. मग त्यांची नजर कडेच्या ट्रेकडे गेली. तिचीही गेली. आता तीन रोपं कलली होती. या वेळी दोघांचं एकमत झालं.

"बाबा, ती पूडच टाकू या का मग?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "उरलीये तेवढी?"

बाबा आत गेले, फळीवरची ताटली घेऊन आले आणि सवयीने डबा तिच्यात ठेवला. डबा रिकामा वाजला. त्याचं बूड कधीचंच गंजून गेलं होतं. ताटली त्यासाठीच होती.