आत डोकावू नये

स्टुडिओच्या दारावरची पाटी इंद्रजीतने दोनदा वाचली. ‘सोबत आलेल्यांनी बाहेर बसावे. आत डोकावू नये.’ स्वारगेटच्या मागच्या गल्लीत अशा पाट्यांना तोटा नाही, पण ही त्याला खटकली.

“बायकोला एकटीला आत पाठवायची पद्धत नाही आमच्यात,” तो म्हणाला.

“मग परत घेऊन जा.” फोटोग्राफर श्यामराव कॅमेऱ्याची काच पुसत होते. “हा स्टुडिओ आहे, मंगल कार्यालय नाही. घरचं माणूस बघत बसलं की चेहरा खोटा येतो.”

इंद्रजीतच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तो अभ्यास करून आला होता. मालिकांना छोट्या भूमिकांसाठी माणसं पुरवणारा एकजण त्याच्या ओळखीचा होता. बायकोचा, म्हणजे कादंबरीचा, चेहरा चालेल, फक्त चांगले फोटो काढून आणा, असं तो म्हणाला होता. कॉलेजात तिने नाटकं केली होती. लग्नानंतर ते सगळं बंद पडलं होतं, आणि आता इंद्रजीतने मोठ्या मनाने परवानगी दिली होती. कात्रजच्या त्यांच्या सोसायटीत बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा.

पण या धंद्यात लबाड फार. जो दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून दाखवतो, जो कोऱ्या कागदावर सही मागतो, जो सोबत कुणाला आणू नका म्हणतो, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, हे त्याला पाठ होतं. येरवड्याचा एक फोटोग्राफर ‘मॅडमना एकटं पाठवा’ म्हणाला, तेव्हा त्याने त्याला फोनवरच धुतलं होतं.

श्यामरावांच्या जाहिरातीचा कागद भाजीच्या पिशवीतून घरात आला होता. तो पाहून कादंबरीने नाक मुरडलं होतं. मला हा माणूस बरा वाटत नाही, दुसरीकडे जाऊ, असं ती म्हणाली. आता, हिला माणसं ओळखता येत नाहीत हे इंद्रजीतचं ठाम मत. तिने नको म्हटलं की ते हमखास चांगलं निघतं, असा त्याच्या संसाराचा अनुभव. त्याने त्याच दिवशी इथली वेळ ठरवून टाकली.

आणि आता वाटत होतं, या एका वेळी तिचंच खरं होतं की काय.

कादंबरी खाली बघत उभी होती. एप्रिलच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या, गळाबंद कुडता, तोंडावर मेकअपचा जाड थर.

“हे रंगकाम पुसून टाका,” श्यामराव म्हणाले. “बाह्या वर घ्याव्या लागतील. मान मोकळी हवी.”

“कशाला? फोटो तोंडाचा आहे ना?”

“तोंड मानेवरच असतं.”

इंद्रजीतने समजावून सांगितलं, की ती गेल्या आठवड्यात मोरीत घसरून पडली आहे, खरचटलंय, ते दिसायला नको. कादंबरीने मान डोलावली. बोलायला लागली की ती अडखळायची, म्हणून तिच्या वतीने तोच बोलायचा. तिचा फोनही त्याच्याच खिशात असायचा, ती हरवते म्हणून.

“काय दिसायला हवं ते मी बघतो,” श्यामराव म्हणाले. दार लागलं. पाठोपाठ आतून कडी लागल्याचा आवाज आला.

बाहेरच्या बाकावर सुती साडीतल्या एक बाई मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेय, म्हणाल्या. आत मिसेस का, असं विचारून, हल्ली कोण येतं हो एवढं सोबत, असंही म्हणाल्या. इंद्रजीत जरा सैलावला. जग किती वाईट आहे, बाईमाणसाला किती जपावं लागतं, हे त्याने त्यांना सविस्तर सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

मग आतून श्यामरावांचा आवाज आला. “घाबरू नकोस. पाठ कर इकडे.”

इंद्रजीत ताडकन उठला. अहो-जाहो करणारा माणूस दार लागताच अगं-तुगंवर आला होता. त्याने दाराला कान लावला. कॅमेऱ्याची खटखट, आणि मध्येच कादंबरीचा दाबलेला हुंदका. आत काय चाललंय हे आपल्याला कळत नाही, ही गोष्टच त्याला सहन होईना.

कडी निघाली. श्यामरावांनी दाराच्या फटीतून अर्धवट बाहेर वाकून बाकावरचं वर्तमानपत्र उचललं.

“आजचंच आहे ना?”

“पेपर कशाला हवाय?”

“लागतोय.” त्यांचे डोळे लाल झाले होते. पुन्हा कडी लागली.

इंद्रजीतने दारावर मूठ आपटली. “दार उघडा. नाहीतर पोलिसांना बोलावतो मी.”

“बोलवायला कशाला हवं?” मागून त्या बाई शांतपणे म्हणाल्या. “मी आलेच आहे की. बसा, इंद्रजीतराव.”

नाव त्याने त्यांना सांगितलं नव्हतं. तो वळला. त्या खाली उतरायच्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि पर्समधलं ओळखपत्र त्यांच्या हातात होतं.

दार उघडलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकाही फोटोत चेहरा नव्हता. दंडावर उमटलेली बोटं होती, मान होती, काळीनिळी पाठ होती, आणि प्रत्येक फोटोत शेजारी तारीख दिसेल असं आजचं वर्तमानपत्र धरलेलं होतं. कादंबरी बाहेर आली. चेहरा धुतलेला, बाह्या कोपरापर्यंत वर. इंद्रजीतकडे तिने पाहिलंही नाही. लग्न त्याने कोर्टात, माहेरच्यांना न बोलावता उरकलं होतं; तेव्हापासून त्याने तिच्या माहेरच्या एकाही माणसाला उंबरा ओलांडू दिला नव्हता, एकाचं तोंडही पाहिलं नव्हतं. ती श्यामरावांकडे वळली आणि न अडखळता म्हणाली, “मामा, एवढे पुरतील ना?”