बाबांचा अंगठा

बारशाला नाव ठेवण्याआधी, त्या घराच्या रीतीप्रमाणे, आत्याने बाळाचा अंगठा तपासला.

"सरळ आहे, वहिनी! सुटला गं हा!"

डॉक्टरांनी वैदेहीच्या पोटातच बाळाचा एक जीन दुरुस्त केला होता. तोच जीन अंगठा घडवतो आणि हृदयही; तो बिघडला की दोन्ही बिघडतात. त्याच वाकड्या अंगठ्याचे, त्याच दुबळ्या हृदयाचे त्याचे बाबा चार महिन्यांपूर्वी गेले. अवयव घडून गेल्यावर दुरुस्तीचा उपयोग नसतो आणि त्याच्या ताईच्या, सहा वर्षांच्या रेवाच्या वेळी ही सोयच नव्हती.

रेवाने आपला वाकडा अंगठा बाळाच्या मुठीत दिला.

"आई, बिचाऱ्याला बाबांचा अंगठाच नाही मिळाला. असू दे. मोठा झाला की मी दाखवीन त्याला माझा."

वैदेहीने रेवाला जवळ ओढलं आणि तिच्या छातीला कान लावला.