जाड नळीचा व्हॉल्व्ह

“किती दाखवतोय?” दादाने विचारलं.

गेज दादाच्या नाकासमोरच होतं. तरी बारक्याने मान वाकवून काटा बघितला आणि पुटपुटला, “दोनशे नव्वद.”

“तोंडात काय गिळून बसलायस? मोठ्याने बोल.”

“दोनशे नव्वद!” बारक्या ओरडला. दातांच्या डॉक्टरबाईंनी दवाखान्याच्या मागच्या गॅलरीत डोकावून पाहिलं आणि त्या आत गेल्या.

या एका एसीपायी दोघा भावांची ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा गॅस भरून गेले, तो आठवड्यात उडाला. दुसऱ्यांदा बाहेरच्या युनिटवरचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह बदलला. तरी गॅस गेलाच. आज उरलासुरला गॅस काढून त्यांनी गळती शोधायला नायट्रोजन भरला होता. तीनशेवर ठेवलेला काटा सावकाश खाली सरकत होता. कुठून गळतंय, ते काही केल्या सापडत नव्हतं. आत पेशंट जुन्या मासिकांनी वारा घेत बसले होते.

बारक्याला स्वतःचीच दोन पोरं होती, पण दादाच्या तोंडी तो अजून बारक्याच. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्या दादाने हात धरून हे काम शिकवलं, तो वर्षभरात पार बदलला होता. नळ्या जोडायच्या गॅस-टॉर्चला हात लावायचं नाव नाही. स्कूटर चालवायची बारक्याने, शिडी चढायची बारक्याने, जाळ धरायचा बारक्याने. दादा आपला शेजारी उभा राहून हुकूम सोडणार. काटा वाच. पुन्हा वाच. नीट बघितलंस का? तेही गिऱ्हाइकांसमोर, शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तसं.

म्हणून शीतगृहातून फोन आला तेव्हा बारक्याला वाटलं, सुटलो एकदाचा. यंत्रांच्या देखभालीचं काम, पक्की नोकरी. पुढच्या महिन्यापासून या, म्हणाले. दादाच्या कानावर घालायचं तेवढं राहिलं होतं. सकाळी बायकोने दारातच अडवलं होतं. “आज सांगून मोकळे व्हा. रोज चडफडत घरी येता आणि राग आमच्यावर काढता.”

“बारीक नळीला पुन्हा साबण लावून बघ,” दादा म्हणाला. “तुझंच काम कच्चं राहिलं असणार.”

बारक्याचं डोकं सणकलं. साबणाच्या पाण्याची वाटी आणि ब्रश त्याने दादाच्या हातात कोंबला. “तूच बघ. माझ्या हातून काही धड होतच नाही ना? मग दाखव मला कुठे गळतंय ते!”

दादाने वाटी खाली ठेवली. मग उकिडवा बसला. बोटांनी चाचपत त्याने बारीक नळीच्या व्हॉल्व्हला साबण लावला. तिथे काही आलं नाही. मग तो जाड नळीच्या व्हॉल्व्हकडे वळला. त्याचं टोपण बारक्याने काढलंच नव्हतं. दादाने ते फिरवून काढलं, आतल्या दांडीला साबण फासला आणि वाकला, नाक पितळेला टेकेल इतका.

दांडीच्या बुडाशी एक फुगा आला. मोठा झाला, फुटला. त्यामागे दुसरा आला. मग द्राक्षांसारखा घोसच लागला.

“इथेही काही नाही,” दादा म्हणाला.

आपली थट्टा चालवलीय, असं वाटून बारक्या उसळून बोलणार होता. पण त्याने दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दादाने मान कलती केली होती. डोळे व्हॉल्व्हवर नव्हतेच, ते वीतभर बाजूला भिंतीवर रोखलेले होते. कपाळाच्या शिरा ताणल्या होत्या. तो जिवाच्या आकांताने बघत होता.

“सापडलं का हो?” डॉक्टरबाई पुन्हा दारात आल्या.

“सापडलं,” बारक्या म्हणाला. “जाड नळीचा व्हॉल्व्ह. दादाने पकडला. आजच बदलून टाकतो.”

त्या हुश्श करून आत गेल्या.

“फुगे येतायत?” दादाने हळूच विचारलं.

“हो.”

“बरेच?”

“बरेच.” बारक्या त्याच्याजवळ खाली बसला. “कधीपासून, दादा?”

“झालं वर्ष. मधलंच जातं रे. कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. आहे तेवढं टिकवायचं, डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात.”

“वहिनीला माहीत आहे?”

“तिला मी शपथ घातलीय.”

मग नायट्रोजन सोडून दिला. जुना व्हॉल्व्ह निघाला. नव्याचं आतलं रबर जळू नये म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळलं. बारक्याने जाळ धरला आणि दादा फडक्यावर पाणी सोडत राहिला. पुन्हा नायट्रोजन भरला. काटा तीनशेवर चढला आणि तिथेच थांबला. बारक्या मधूनमधून, न विचारता, आकडा सांगत राहिला. गॅस भरून एसी सुरू केला, तेव्हा आतून कोणीतरी “आली बाई गार हवा!” म्हणालं.

सामान आवरताना बारक्याने सांगून टाकलं. “शीतगृहातून बोलावणं आलंय मला. तुला सांगणारच होतो. पण आता नाही जात. तुला असं सोडून कसा जाऊ?”

दादाने पान्ह्यांच्या पिशवीची नाडी आवळली.

“हेच नको होतं मला,” तो म्हणाला. “शीतगृहाच्या साहेबांना मीच तुझा नंबर दिला, तेव्हाच तुला डोळ्यांचं सांगितलं असतं, तर तू फोन तरी उचलला असतास का?”