जिनातलं गोडं पाणी

कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, विलायती यंत्र बसलं आणि अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात बातमी पसरली की तिथं विहिरीचं खारं पाणी गोडं करतात. 'गोडं' हा शब्द जिनातल्या बॉयलरवाल्या गफ्फारचा होता: बॉयलरमध्ये चुन्याचा थर बसेनासा झाला, म्हणून तो पाण्याला गोडं म्हणे. गावातली तानुबाई नवऱ्याला घेऊन गोड्या पाण्याच्या मुलखात, माहेरी राहिली होती. त्याचं अंग सुजलेलं, डॉक्टरनं खारं पाणी बंद केलेलं. यंत्राचं ऐकून तिनं त्याला बैलगाडीतून परत आणलं, ते थेट जिनाच्या दारात. "भरा घागर, गफ्फारभाई. काहून पाहून राहिले?" "भाभी, हे बॉयलरले गोडं. यातला चुना निघते, मीठ नाई." "मस्करी नका करू जी." तिनं ओंजळभर पिऊन पाहिलं. खारंच होतं. गाडीवान हळूच म्हणाला, "यायले वापस माहेरी नेलं तं रस्त्यातच जातीन." गाडीतून नवऱ्यानं विचारलं, "गोडं हाय ना वं?" "हाय," ती म्हणाली. गफ्फारनं तिची घागर खाली लावून तोटी सोडली.