पिरोजी चौकट

“आता इथेही?” सून बेडरूमच्या दारात उभी राहून ओरडली.

सकाळपर्यंत पांढरी असलेली चौकट पिरोजी झाली होती. खाली फतकल मारून सासूबाई ब्रश पुसत होत्या, जसं काही घडलंच नाही.

आधी दिव्यांच्या बटणांच्या पाट्या झाल्या. मग बाहेरच्या पायऱ्यांच्या कडा, मग न्हाणीघराची कडी. आठ वर्षं भाड्याच्या कळकट खोल्यांत काढल्यावर तिने हे घर घेतलं होतं आणि पडद्यांपासून कपबशांपर्यंत पांढरंशुभ्र सजवलं होतं. त्यात ही ठिगळं!

“आई, घर आहे हे, पोहण्याचा तलाव नाही!”

“उठून दिसतो गं तो रंग.”

“म्हणूनच डोळ्यांत खुपतो!”

जन्मभर चित्रकला शिकवलेल्या बाईला एवढंही कळू नये? सांगून सांगून सुनेचं तोंड दुखलं. आणि नवरा? आईपुढे मुका. “राहू दे की, तेवढाच तिला विरंगुळा,” म्हणून बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचा. अलीकडे रस्त्यानं चालतानाही त्याचा हात तिच्या खांद्यावर असायचा. त्या हातानं तिचा राग दर वेळी विरघळायचा, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.

आज तो शाळेची बस घेऊन पोरांच्या सहलीला गेला होता. आज कोण अडवणार? तिने त्याचा जुना पांढरा सदरा चढवला, डबा फोडला आणि पायऱ्या, पाट्या, कडी, सगळ्यांवर पांढऱ्या रंगाचे दोन-दोन हात मारले.

“तेवढी चौकट तरी ठेव गं,” सासूबाई रडकुंडीला आल्या.

“ठिपकासुद्धा ठेवणार नाही!”

सासूबाई कोपऱ्यात बसून मुसमुसू लागल्या. नाटकं नुसती, ती मनात म्हणाली, आणि आणखी जोरात ब्रश फिरवू लागली.

संध्याकाळी चौकट संपली तोच बाहेर बस थांबली. पायऱ्यांवर तो दोनदा अडखळला. ती पांढऱ्या भिंतीपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आज आईची बाजू घेऊच दे, मग बघते.

तो आत आला आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबला. एका मुठीत बसची किल्ली होती. दुसरा हात भिंत चाचपत होता.

“आई,” मुसमुसण्याच्या दिशेनं वळून तो दबक्या आवाजात म्हणाला, “ती घरात नाही ना? मला दार सापडत नाहीये.”